पाऊण इंच

एस.टी.च्या कार्यशाळेत मी ३४ वर्षं काढली आणि त्यातली निम्मी पुढच्या चाकांखाली. गाडी डावीकडे ओढते, गाडी टायर खाते, स्टिअरिंग हातात थरथरतं, अशा तक्रारी घेऊन ड्रायव्हर यायचे आणि मी गाडी सरळ करून द्यायचो. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग सोडलं तरी गाडी नाकासमोर गेली पाहिजे, एवढंच मला कळत होतं. मागच्या वर्षी मे महिन्यात नॉर्थ कॅरोलायनातल्या काँकर्डला लेकीकडे पाच महिन्यांसाठी गेलो, तर तिच्या गॅरेजमध्ये एक बुटकी गाडी उभी. ती डावीकडे ओढत होती. मी म्हटलं, ही बिघडलीय. जावई म्हणाले, "आबा, ती तशीच ओढायला पाहिजे. उलट कमी ओढतेय, हीच अडचण आहे."

गाडी माझ्या नातीची. वय वर्षं दहा. तिला आम्ही चिऊ म्हणतो. चिऊ स्टॉक कारच्या शर्यतीत उतरणार होती आणि हे मला विमानतळावरून घरी येईपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या आजीला तर त्याहून दोन दिवस उशिरा कळलं.

मी विरोध केला. जावयाशी आवाज चढवून बोलायची आपल्याकडे रीत नाही, म्हणून लेकीवर ओरडलो. कोल्हापुरात गो-कार्टिंगचा ट्रॅक आहे, तिथं पोरं गाड्या पळवतात हे मी पाहिलं होतं, पण ते मोकळ्यावर. इथे बाहेरून काँक्रीटची भिंत आणि आत एका वेळी बारा-पंधरा पोरं. लेक म्हणाली, "मला विचारूच नका. मी बघतसुद्धा नाही." हे खरं निघालं. शर्यत सुरू झाली की ती स्टँडमध्ये आईशेजारी बसून मोबाइलमध्ये डोकं घालते.

काँकर्ड म्हणजे या लोकांचं पंढरपूर. शार्लट मोटर स्पीडवे नावाचा दीड मैलाचा ट्रॅक इथंच, १९६० पासून. शेजारच्या कॅनापोलिस गावात डेल अर्नहार्ट या ड्रायव्हरचा पुतळा आहे, आपल्याकडे चौकात असतो तसा. बाजारात गेलं की दुकानदार, न्हावी, पोस्टमन, सगळ्यांना स्प्रिंग आणि टायरवर बोलता येतं. अशा गावात जावयांसारखा बँकेत काम करणारा माणूस बिघडला तर नवल नाही.

चिऊची गाडी बँडोलेरो प्रकारची. पोरांसाठीच बनवतात आणि बनतेही याच भागात. सुमारे अडीचशे किलोची. आत पोलादी नळ्यांचा पिंजरा, वर फायबरची बॉडी, ५७० सीसीचं ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं ३० हॉर्सपॉवरचं इंजिन. गिअर नाहीत. दाबलं की पळते, सोडलं की मंदावते. ड्रायव्हर दारातून बसत नाही, रणगाड्यात उतरावं तसा छपरातून आत उतरतो. आमची जुनी होती, तिसऱ्या हातातली. पहिल्या दिवशी मी बॅटरी घेऊन पिंजऱ्याचं प्रत्येक वेल्डिंग बघितलं. चूक काढायचीच होती. सापडली नाही. त्या रात्री माझा निम्मा विरोध संपला, पण हे मी कुणाला सांगितलं नाही.

उरलेला निम्मा चिऊनेच संपवला. कपडे घालून दाखवते म्हणाली. आगीपासून वाचवणारा एकसंध पोशाख, हातमोजे, बूट, डोक्यावर कापडी टोपी, मग हेल्मेट. सगळ्यात शेवटी मानेभोवती घोड्याच्या खोगिरासारखं काहीतरी चढवलं. त्याचे दोन पट्टे हेल्मेटला अडकतात. मी विचारलं, हे कशाला? ती म्हणाली, "पुतळेवाल्या आजोबांकडे हे नव्हतं." अर्नहार्ट फेब्रुवारी २००१ मध्ये डेटोनाच्या शर्यतीत शेवटच्या फेरीत भिंतीवर आदळून गेला. शरीर पट्ट्यांनी बांधलेलं, डोकं मोकळं, त्यामुळे झटका कवटीच्या तळाला बसला. हे मानेचं साधन तेव्हाही बाजारात होतं, पण बरेच ड्रायव्हर वापरायचे नाहीत. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नॅसकारने, म्हणजे या शर्यती भरवणाऱ्या संस्थेने, ते सक्तीचं केलं. आता दहा वर्षांची पोरंही त्याशिवाय ट्रॅकवर जात नाहीत. मला आमचे ड्रायव्हर आठवले, सीटबेल्ट पाठीमागे खोचून ठेवणारे.

मग मी पाना हातात घेतला.

पहिला धडा टेपचा. कपडे शिवायला घेतात तशी टेप टायरला गुंडाळायची आणि घेर मोजायचा. मागच्या उजव्या टायरचा घेर डाव्यापेक्षा मोठा हवा. याला ते स्टॅगर म्हणतात. मी हसलो. एका आसावर दोन मापांचे टायर दिसले असते तर आमच्या साहेबांनी मेमोच काढला असता! पण विचार करत बसलो तेव्हा पटलं. या गाडीला डिफरन्शियल, म्हणजे वळणावर दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारी यंत्रणा, नाही. मागच्या दोन्ही चाकांत एकच सरळ दांडा, म्हणजे दोन्ही चाकं सारखेच फेरे घेणार. शर्यत नेहमी डावीकडे वळत जाते आणि वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं. फेरे तेवढेच आणि अंतर जास्त, तर चाकच मोठं पाहिजे. चिऊला समजवायला मी स्वयंपाकघरातून फुलपात्र आणलं. आडवं ठेवून फरशीवर ढकललं. गोल फिरून ते माझ्याच पायापाशी आलं. तिने दहा वेळा ढकलून पाहिलं. फुलपात्राला पोचा आला आणि आजी दोघांवरही रागावली.

एकाच मापाचे म्हणून विकत घेतलेले टायरही टेप लावली की थोडे वेगळे निघतात. आमच्याकडे नऊ टायर होते. सगळे मोजले, खडूने आकडे लिहिले, जोड्या लावल्या. जावयांना आधीच्या मालकाने सांगितलेला फरक होता पाऊण इंच. तो जमायला आम्हाला एक रविवार लागला.

दुसरा धडा वजनाचा. चार चाकांखाली चार काटे ठेवायचे, चिऊला पूर्ण पोशाखात आत बसवायचं आणि कुठल्या चाकावर किती भार आहे ते बघायचं. पुढचं उजवं आणि मागचं डावं या तिरक्या जोडीवर भार वाढला की गाडी वळायला कुरकुरते, कमी झाला की मागून निसटते. स्प्रिंगची रिंग एक फेरा फिरवली की भार एका कोपऱ्यातून दुसऱ्यात सरकतो. चार पायांच्या डुगडुगत्या टेबलाखाली कागदाची घडी घालावी, तसंच. या कामात चिऊला तासभर हलता येत नाही. एकदा तिला शिंक आली आणि चारही आकडे नाचले.

सरावाला आम्ही घरापासून तासाभरावरच्या एका ट्रॅकवर जायचो. पाव मैलाचा सपाट ओव्हल. चिऊ पाच-सहा फेऱ्या मारून यायची आणि जावई विचारायचे, "लूज होती की टाइट?" म्हणजे मागून निसटत होती की वळायला कुरकुरत होती. ती म्हणायची, "आय डोंट नो." दहा वर्षांच्या पोरीला ते कसं सांगता येणार? मी माझ्या पद्धतीने विचारलं, गाडी काय करत होती? तिने विचार केला आणि म्हणाली, "हट्ट करत होती. मी वळ म्हटलं तर ऐकत नव्हती." झालं! तेव्हापासून आमच्याकडे गाडी एक तर हट्ट करते, नाही तर मागून पळून जाते. पुढचं चाक घसरतंय का मागचं, यापेक्षा जास्त मेकॅनिकला काही लागत नाही. ड्रायव्हरने गाडीबद्दल खरं बोलावं, एवढंच मी ३४ वर्षं मागत होतो.

मधल्या एका शनिवारी जावई मला विन्स्टन-सेलमला बोमन ग्रे स्टेडियमवर घेऊन गेले. फुटबॉलच्या मैदानाभोवती पाव मैलाची डांबरी पट्टी आणि तिथं १९४९ पासून नॅसकारची शर्यत चालते. माणसं सहकुटुंब, डबे घेऊन, आरडाओरडा करत. आपल्या खासबागेत कुस्तीला जसा अमक्या तालमीचा आणि तमक्या तालमीचा असा गट पडतो, तसे इथे गाडीच्या नंबरावरून गट. फरक एवढाच की खासबागेत पैलवानाने धक्का दिला तर तो कुस्तीचा भाग, इथे दिला तर अर्धं स्टेडियम उभं राहतं.

परत येताना मी विचारलं, या गाड्यांना स्टॉक का म्हणतात? जावयांनी रस्ताभर सांगितलं. स्टॉक म्हणजे दुकानात मिळते तशी, फेरफार न केलेली. आणि गंमत अशी की हा खेळ वाढवला तो फेरफार करण्यात पटाईत असलेल्या लोकांनी, म्हणजे इथल्या डोंगरांत हातभट्टीची दारू पोहोचवणाऱ्यांनी. पोलिसांच्या पुढे पळायचं म्हणून ते इंजिन आणि स्प्रिंगा बदलून घ्यायचे. नॅसकारची स्थापना १९४८ ची. त्यांची स्ट्रिक्टली स्टॉक गटातली पहिली शर्यत १९ जून १९४९ रोजी याच शार्लटमध्ये मातीच्या ट्रॅकवर झाली. ग्लेन डनवे पहिला आला आणि तपासणीत त्याच्या मागच्या स्प्रिंगा दारूवाल्यांच्या पद्धतीने बदललेल्या सापडल्या. बाद. बक्षीस दुसऱ्या आलेल्या जिम रोपरला. म्हणजे पहिल्याच दिवशी पहिला आलेला माणूस स्प्रिंगेवरून गेला. हे ऐकून मला या खेळाबद्दल जरा आपुलकी वाटायला लागली. त्याच शर्यतीत सारा ख्रिश्चन नावाची बाई गाडी चालवत होती, हे चिऊने मागच्या सीटवरून सांगितलं. मला वाटलं होतं ती झोपलीय.

तिची पहिली शर्यत जुलैच्या एका शनिवारी होती, त्याच सरावाच्या ट्रॅकवर. दुपारी दोनला पोहोचलो. ट्रॅकच्या आतल्या भागाला पिट म्हणतात आणि तिथं जायला ड्रायव्हर, बाप, आजा, सगळ्यांना पैसे भरून मनगटावर पट्टी बांधावी लागते. गाडीखाली झोपायचे पैसे मी आयुष्यभर घेतले होते. भरले ते पहिल्यांदाच. अल्पवयीन म्हणून आई-बापांच्या सह्यांचे कागद. मग तपासणी. एका गृहस्थाने पट्ट्यांच्या तारखा बघितल्या, हेल्मेटच्या आतलं लेबल बघितलं, इंजिनाचं सील बघितलं. आजीने स्टिअरिंगला लाल दोरा बांधला होता. त्यावर त्याचं बोट थांबलं. जावयांनी समजावून सांगितलं. तो म्हणाला, गाठ घट्ट असेल तर राहू द्या, सुटून पेडलखाली जाता कामा नये. मी गाठ पुन्हा मारली.

सुरुवातीचा क्रम ठरवायला पिशवीतून गोटी काढतात. चिऊला दोन नंबर आला आणि ती उड्या मारायला लागली. पण नवख्यांना सगळ्यांच्या मागून सुरुवात करावी लागते आणि गाडीच्या मागे पिवळी पट्टी लावावी लागते, आपल्याकडे शिकाऊ माणूस लाल एल लावतो तशी. दोन नंबर वाया गेला. ती गोटी तिने खिशात ठेवून घेतली, परत दिली नाही.

बाकी मग बसून राहणं. लोकांना वाटतं शर्यत म्हणजे वेग. सकाळपासून रात्रीपर्यंतच्या दिवसात चिऊने शर्यतीत गाडी चालवली ती सगळी मिळून दहा-बारा मिनिटं. उरलेला वेळ ऊन, डिझेलचा वास, हॉटडॉग आणि आजीने डब्यात भरून दिलेलं भडंग. शेजारच्या तंबूत एक बाप आठ वर्षांच्या पोराला बोट नाचवत झापत होता. पोराचे पाय खुर्चीवरून जमिनीला टेकत नव्हते. हे मला आवडलं नाही आणि अजूनही आवडत नाही. दर आठवड्याला नवे टायर घालणारी दोन-तीन घरं होती आणि त्यांचीच पोरं पुढे असायची, हेही खरं.

पहिली फेरी, म्हणजे हीट, दहा लॅपची. एका लॅपला वीस सेकंदांच्या आसपास. मी तारेच्या कुंपणाला चिकटून उभा. गाड्यांचा आवाज मोठ्या गवत कापायच्या यंत्रासारखा, पण तेरा एकदम सुरू झाल्या की छातीत घुमतो. चिऊच्या कानात रेस कंट्रोलचा एकतर्फी रेडिओ होता. पंच बोलणार, तिने ऐकायचं. आमच्यापैकी कुणालाच तिच्याशी बोलता येत नव्हतं. तीन लॅप ती शेवटून दुसरी होती आणि ओळ सुरेख धरत होती. चौथ्या लॅपला तिसऱ्या वळणावर आतून एक निळी गाडी आली आणि तिच्या मागच्या चाकाला टेकली. टेकली म्हणजे नुसती टेकली. चिऊची गाडी फिरली, उलट्या तोंडाने वर गेली आणि पुढच्या उजव्या कोपऱ्याने भिंतीला लागली.

पिवळा झेंडा. सगळ्या गाड्या मंद.

अशा वेळी काय करायचं ते तिच्याकडून पन्नास वेळा घोकून घेतलं होतं. हलायचं नाही, पट्टे सोडायचे नाहीत, आणि ठीक असलीस तर खिडकीची जाळी खाली सोडायची. जाळी पडली की बाहेरच्यांना कळतं, ड्रायव्हर शुद्धीत आहे. मी त्या जाळीकडे बघत होतो. काळी, विणलेली, पोत्याच्या कापडासारखी. किती वेळ गेला माहीत नाही. जावई म्हणतात, चार सेकंद. मी आजवर ब्रेक निकामी झालेली बस घाटात थांबलेली बघितलीय, पण पाय असे कधी गेले नव्हते. मग आतून एक हातमोजा आला, खटका दाबला आणि जाळी पडली.

गाडी ओढून आणली. चिऊ उतरली, रुग्णवाहिकेतल्या बाईंनी तिला डोळे, मान, बोटं तपासून सोडलं. ती रडली नव्हती. गाडी बघितल्यावर रडली. पुढचा उजवा टाय रॉड, म्हणजे स्टिअरिंगकडून चाक वळवणारा दांडा, धनुष्यासारखा वाकला होता आणि चाक बाहेर बघत होतं. मुख्य शर्यतीला पन्नास मिनिटं होती. आमच्याकडे सुटा टाय रॉड नव्हता.

तेवढ्यात निळ्या गाडीचा पोरगा आला, मागून त्याचा बाप. पोराला माफी मागायला ढकलून पुढे केलं होतं. चिऊ म्हणाली, "इट्स ओके." त्याचा बाप माझ्या हातातला वाकडा रॉड बघत होता. काही न बोलता गेला आणि आपल्या ट्रेलरमधून नवा रॉड घेऊन आला. पैसे विचारले तर हात झटकला. ते दोघं गेल्यावर चिऊ मला मराठीत म्हणाली, "आबा, त्याला मी बघून घेते."

रॉड बसवणं दहा मिनिटांचं काम. पण चाकं सरळ आहेत हे कसं बघणार? मापाच्या पट्ट्या घरी राहिल्या होत्या. मी जावयांना म्हटलं, दोरी आणा. पिटमध्ये दोरी मिळेना, शेवटी एकाने मासे पकडायची नायलॉनची दोरी दिली. चार स्टँड ठेवून दोन्ही बाजूंना गाडीला समांतर दोरी ताणली, पुढच्या रिमच्या दोन्ही कडांपासूनचं अंतर मोजलं आणि पाव-पाव फेरा फिरवत चाक आणलं जागेवर. आमच्या डेपोत मशीन यायच्या आधी बसेस आम्ही अशाच लावायचो. दोरी देणारा वाकून बघत होता. म्हणाला, आम्हीही असंच करतो. मला वाटलं होतं, मी काहीतरी करून दाखवतोय.

शेवटी टायर पुन्हा मोजले. फरक बरोब्बर पाऊण इंच. हवा बघितली, बरोबर. समाधानाने हात पुसले.

मुख्य शर्यत वीस लॅपची, दिवे लागल्यावर. चिऊ पुन्हा शेवटून. तीन-चार गाड्या आपापसांत अडकून बाहेर गेल्या, ती वाट काढत राहिली. निळी गाडी तिच्या समोर आली तेव्हा मी डोळे मिटायच्या बेतात होतो. सहा लॅप ती त्याच्या मागे होती. धक्का द्यायला भरपूर जागा होती. दिला नाही. पण पुढेही जाता येईना, कारण प्रत्येक वळणावर तिची गाडी बाहेर सरकत होती. शेवटी तोच चुकला, जरा वर गेला, आणि ती आतून निघाली. तेरा गाड्यांत आठवी.

हेल्मेट काढल्या काढल्या म्हणाली, "आबा, हट्ट! पूर्ण वेळ हट्ट!"

रात्री परतताना मला उमगलं. टायर मोजले तेव्हा साडेसात वाजले होते आणि गाडीची उजवी बाजू कलत्या उन्हात होती. काळं रबर तापलं, आतली हवा फुगली, घेर वाढला. डावी बाजू तंबूच्या सावलीत थंड. टेपवर जो पाऊण इंच दिसला, त्यातला काही भाग उन्हाचा होता. रात्री ट्रॅक गार पडला आणि तो फरक नाहीसा झाला. उजव्या टायरचा मोठेपणा गेला आणि गाडी वळेना. पोरीने वीस लॅप माझ्या चुकीशी कुस्ती केली होती. दुसऱ्या दिवशी मी तिला हे सांगितलं. ती म्हणाली, "मग आठवी तुझ्यामुळे, नाही तर सातवी." मी म्हटलं, सातवी. मान्य.

त्यानंतर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आणखी पाच शर्यती झाल्या. एकदा ती चौथी आली, एकदा इंजिनची साखळी तुटली. आमचे गणपती तिकडेच झाले. ऑक्टोबरच्या सुरुवातीला आम्ही कोल्हापूरला परतलो. माझी टेप मी तिला दिली, हातमोज्यांच्या पिशवीत ती ठेवते.

परवा रात्री साडेबाराला फोन वाजला. तिकडे शनिवार दुपारचे तीन. व्हिडिओत आधी टायर दिसला, मग टेप धरलेलं बोट, मग चिऊचं नाक.

"आबा, पाऊण इंच आला. लावू का?"

मी चष्मा शोधत विचारलं, "गाडी उन्हात आहे की सावलीत?"